भांडण दोन गावांचे, पाणी मात्र सातबाऱ्याचे

मार्च उलटला की महाराष्ट्रात पाण्याची भांडणे सुरू होतात. वरच्या गावाने चारीचे दार पाडले, खालच्या गावाने रात्री जाऊन ते फोडले, पाटकऱ्याला मारहाण झाली, टेलच्या शेतकऱ्यांनी रास्ता रोको केला. या बातम्या आता इतक्या नेहमीच्या झाल्या आहेत की त्यात कोणाला नवल वाटत नाही. आपल्या वस्तीतली पोरेही या मोर्चांमध्ये पुढे असतात. "आमच्या गावाचे पाणी पळवले" म्हणून घोषणा देतात, अंगावर केसेस घेतात. गावासाठी लढू नका, असे आम्ही कोणाला सांगत नाही. आमचा प्रश्न एवढाच आहे की मोर्चा जिंकल्यावर जे पाणी गावात येते, त्यातले किती पाणी वस्तीच्या वाट्याला येते? पाणी गावाच्या नावाने मागितले जाते आणि सातबाऱ्याच्या नावाने वाटले जाते. ज्याच्या नावावर सातबारा नाही, तो मोर्चात मोजला जातो आणि पाळीत मोजला जात नाही. हे कसे घडले याचा इतिहास आहे, आणि तो आपण वाचला पाहिजे.

सुरुवात शिवेपासून करू. दोन गावांचे भांडण म्हणजे मुळात शिवेचे भांडण. ओढा कोणाचा, बांध कोणाच्या हद्दीत, कुरण कुठपर्यंत. जुन्या गावगाड्यात हे भांडण उभे राहिले की ज्याची साक्ष सर्वांत मोलाची मानली जाई, तो महार. शिवेची राखण त्याचे काम. हद्दीचे दगड त्याला ठाऊक. गावाची हद्द कुठून कुठे जाते हे तो पायी चालून दाखवी आणि दोन्ही गावच्या पाटील-कुलकर्ण्यांना ते मानावे लागे. म्हणजे ज्याला गावात राहायला जागा नव्हती, गावच्या पाणवठ्याला हात लावायची मुभा नव्हती, त्याच्याच शब्दावर गावाचे पाणी आणि रान ठरत होते. बाबासाहेबांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात अस्पृश्यांच्या वस्त्या गावाबाहेर का, याचा शोध घेताना हाच धागा पकडला होता. टोळीयुद्धात पराभूत होऊन विखुरलेली माणसे गावाच्या कडेला राखणदार म्हणून बसवली गेली, अशी त्यांची मांडणी आहे. तिच्यावर विद्वानांनी वाद घालावेत. पण राखण एकाची आणि पीक दुसऱ्याचे, ही व्यवस्था मात्र आपल्या आजोबा-पणजोबांनी प्रत्यक्ष भोगलेली आहे.

या राखणीच्या, सांगावे पोचवण्याच्या, मेलेली ढोरे ओढण्याच्या बदल्यात काय मिळाले? वतन. हाडकी-हाडोळ्याचा तुकडा आणि खळ्यावरचे बलुते. १८७४ च्या वतन कायद्याने या चाकरीला सरकारी शिक्का बसला. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतन दुरुस्तीचे विधेयक आणले, तेव्हा त्यांचा मुद्दा स्वच्छ होता. या जमिनीच्या तुकड्यासाठी अख्खी जात चोवीस तास वेठीला बांधली गेली आहे. सरकारला काम हवे असेल तर रोख पगार द्यावा, आणि जमीन योग्य आकारणी घेऊन वतनदाराच्या मालकीची करावी. ते विधेयक तेव्हा मंजूर झाले नाही. वतने रद्द झाली ती १९५८ च्या कायद्याने, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर. तीही जमीन नव्या आणि अविभाज्य शर्तीवर परत मिळाली. विकायची, गहाण टाकायची तर परवानगी. एका उताऱ्यावर अनेक नावे, आणि बँकेच्या दारात वर्ग २ चा शेरा. हे लक्षात ठेवा, पुढे पाण्याच्या अर्जात हाच शेरा परत आडवा येणार आहे.

आता पाण्याकडे येऊ. पाणी वाटपाची गोष्ट निघाली की अभ्यासक मंडळी खानदेशातल्या फड पद्धतीचे कौतुक करतात. पांझरा, मोसम या नद्यांवर एकाखाली एक बंधारे, बंधाऱ्यातून पाट, पाटातून चाऱ्या, आणि भिजणाऱ्या जमिनीचे मोठमोठे फड. एका फडात एकच पीक, दरवर्षी पिकांची फेरपालट, पाणी कमी पडले तर सगळ्यांनाच कमी. पंच निवड करणार, पाटकरी पाणी देणार, जागल्या पीक राखणार. तीन-चारशे वर्षे ही पद्धत सरकारच्या मदतीशिवाय चालली, हे खरेच आहे. तिच्यातले शहाणपण आम्ही नाकारत नाही. पण कौतुक करणाऱ्यांना आम्ही विचारतो की ही समता कोणाकोणात होती? फडात ज्याची जमीन, त्यांच्यात. खातेदाराला वाटा, राबणाऱ्याला धान्याच्या रूपाने मेहनताना. ‘लोकांनी चालवलेले सिंचन’ असे या पद्धतीला म्हणतात, तेव्हा ‘लोक’ या शब्दातून कोण वगळले जाते हे कोणी लिहीत नाही. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत खेड्याच्या गौरवीकरणावर जे कोरडे ओढले, त्याची आठवण इथे ठेवलेली बरी.

इंग्रजांचे राज्य आले, मोठे कालवे आले, आणि एक संधी आली. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात दख्खनमध्ये माणसे मेली, तेव्हा सरकारने दुष्काळ निवारणासाठी कालव्यांचा विचार पुढे रेटला. १८७९ चा मुंबई पाटबंधारे कायदा आणि १८८५ चा नीरा डावा कालवा ही त्याच काळातली. तात्यासाहेब, म्हणजे जोतीराव फुले, १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये पाटबंधारे खात्याच्या साहेबांना झोडपतात. पट्टी वेळेवर वसूल होते, पाणी मात्र वेळेवर शेतात पोचत नाही, ही त्यांची तक्रार होती. आजही कुठल्याही टेलच्या शेतकऱ्याला विचारा.

पण कालव्याने जमिनीचे जुने वाटप बदलले नाही. उलट ते पक्के केले. पाणी मिळणार ते कालव्याखाली जमीन असणाऱ्याला. ज्वारी-बाजरी वाचवण्यासाठी काढलेल्या कालव्यावर बघता बघता ऊस उभा राहिला, कारण ऊस घेणारा पाणीपट्टी देऊ शकत होता आणि सरकारला कालव्याचा खर्च भरून काढायचा होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विश्वेश्वरय्यांनी ब्लॉक पद्धत सुचवली. ठरलेल्या ब्लॉकातल्या एक तृतीयांश क्षेत्रातच ऊस घ्यायचा, म्हणजे पाणी लांबपर्यंत जाईल. उसाला पाणी किती द्यायचे यावर तेव्हाच लगाम घालावा लागला होता, हे आजच्या साखरसम्राटांनी वाचावे. या कालव्यांनी काही कष्टकरी जातींना वर काढले हेही खरे आहे. सासवडचे माळी नीरेच्या पाण्यामागे गेले, दुसऱ्या कालव्यांवर खंडाने जमिनी केल्या आणि पुढे माळीनगरला स्वतःचा साखर कारखाना उभा केला. त्यांच्या घामाला आमचा सलाम. पण त्यांना खंडाने जमीन मिळू शकली. अस्पृश्याला ओलिताची जमीन खंडाने देणारा मालक किती गावांत भेटला असता?

हरेगावचे उदाहरण घ्या. प्रवरेच्या कालव्यावरचे हे गाव आज श्रीरामपूर तालुक्यात आहे. इथे बेलापूर कंपनीचा साखर कारखाना होता आणि त्याच्या उसासाठी आजूबाजूच्या गावांतल्या शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेतल्या गेल्या होत्या. याच हरेगावात डिसेंबर १९३९ मध्ये बाबासाहेबांच्या उपस्थितीत महार वतनदारांची परिषद भरली. विषय होता वतनी जमिनीवरच्या जुडीचा, म्हणजे सरकारी आकारणीच्या बोज्याचा. हा प्रसंग डोळ्यांपुढे आणा. भोवती कंपनीचा उसाचा हिरवा पट्टा, आणि त्याच्या मधोमध आपले लोक कोरड्या तुकड्यांवरची आकारणी वाढू नये म्हणून जमलेले. एकाच मातीत कंपनीला बागायत आणि वतनदाराला जुडी.

गोष्ट इथे संपत नाही. स्वातंत्र्यानंतर १९६१ चा जमीन कमाल धारणा कायदा आला. साखर कंपन्यांच्या हजारो एकर बागायती जमिनी अतिरिक्त ठरल्या. महाराष्ट्रातली सर्वांत चांगली भिजणारी जमीन सरकारच्या हातात आली होती, आणि भूमिहीन दारात उभे होते. सरकारने काय केले? १९६३ साली शेती महामंडळ काढले आणि कारखान्यांचा ऊस तुटू नये म्हणून जमीन त्याच्याकडे दिली. पुढे खंडकरी शेतकऱ्यांनी दीर्घ लढा दिला आणि दशकांनंतर त्यांना जमिनी परत मिळू लागल्या. त्यांचा हक्क होता, आमचे काही म्हणणे नाही. पण त्या मळ्यांत पिढ्यान् पिढ्या उसाला पाणी धरणाऱ्या मजुराचे काय? तो कधी मालकच नव्हता, त्यामुळे त्याला ‘परत’ द्यायचे काही नव्हतेच. सातबाऱ्याचे तर्कशास्त्र असे चालते.

याच सुमारास दादासाहेब गायकवाड भूमिहीनांचे सत्याग्रह उभे करत होते, १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ च्या डिसेंबरात. हजारो स्त्री-पुरुष तुरुंगात गेले. त्या लढ्यातून गायरानाचा प्रश्न पुढे आला आणि खूप उशिरा, १९९१ च्या शासन निर्णयाने, १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरची अतिक्रमणे नियमित करायचे ठरले. अंमलबजावणीची रड अजून चालू आहे. पण समजा, गायरान नावावर झाले. पाणी येते का? येत नाही, आणि त्याचे कारण कालव्याच्या आखणीत आहे. कालवा उताराने चालतो. डोंगराच्या कडेकडेने एका पातळीत तो काढतात आणि पाणी आपोआप खालच्या बाजूला, नदीकडे जाते. कालवा आणि नदी यांच्या मधली जमीन म्हणजे लाभक्षेत्र. गावाची काळी, सपाट जमीन या पट्ट्यात येते. गायरान बहुतेकदा माळावर, मुरमाड चढावर, कालव्याच्या वरच्या अंगाला. इंजिनियर सांगतो, पाणी वर चढत नाही. त्याचे म्हणणे बरोबर आहे. पण काळी जमीन कोणाची आणि माळ कोणाचा हे गुरुत्वाकर्षणाने ठरवलेले नाही, ते जातीने ठरवलेले आहे. आणि उसाचे मळे भिजवायला त्याच नद्यांवर शेकडो उपसा योजना झाल्या, तेव्हा पाणी वर चढलेच होते.

ज्यांची थोडी जमीन लाभक्षेत्रात आहे त्यांनाही विचारा. कालव्याच्या पाण्यासाठी नमुना नंबर ७ भरावा लागतो. गट नंबर, क्षेत्र, पीक, सातबारा, मागची थकबाकी. वतनाच्या जमिनीवर नावे डझनभर, कसणारा एक, मुंबईला गेलेले पाच, मयताच्या वारसांची नोंद नाही. अर्ज कोणाच्या नावाने करणार? मोटार-पाईपसाठी कर्ज मागितले तर वर्ग २. अशा वेळी माणूस शेजारच्या बागायतदाराला जमीन वाट्याने देतो आणि त्याच्याच बांधावर मजुरीला जातो. मग अधिकारी म्हणतात, "मागणीच येत नाही."

बाबासाहेबांनी या प्रश्नाची दोन टोके एकत्र बांधली होती. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूरमंत्री होते आणि पाटबंधारे व वीज हे विषय त्यांच्याकडे होते. दामोदर खोऱ्याची योजना, महानदीवरच्या धरणाची तयारी, १९४५ चा केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोग, ही त्यांच्या कारकिर्दीतली कामे. नदीचे खोरे हा एक घटक धरून पूर, वीज, सिंचन आणि वाहतूक यांचा एकत्र विचार करायचा, प्रांतांच्या हद्दी आड येऊ द्यायच्या नाहीत, ही त्यांची भूमिका होती. हे आता सरकारी जाहिरातींतही छापून येते. दुसरे टोक मात्र छापले जात नाही. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात त्यांनी शेतजमीन राज्याच्या मालकीची करून ती जात-धर्म न पाहता गावकऱ्यांना सामुदायिक पद्धतीने कसायला द्यावी, म्हणजे जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर हे तिन्ही उरणार नाहीत, अशी मागणी केली. देशाने पहिला अर्धा भाग उचलला, दुसरा सोडून दिला. धरणे झाली, जमीन तशीच राहिली. मग धरणाचे पाणी कुठे जाणार होते? जिथे जमीन होती तिथेच गेले.

पाणी जमिनीपासून सोडवून माणसाला देता येते का? काही जण म्हणतील हे पुस्तकी आहे. महाराष्ट्रात हे दोन ठिकाणी करून दाखवलेले आहे.

पहिले ठिकाण पुरंदर तालुक्यातले नायगाव. १९७२ च्या दुष्काळात विलासराव साळुंखे या पुण्याच्या इंजिनियर-उद्योजकाने खडी फोडायला आलेली माणसे पाहिली आणि पुढे नायगावच्या देवस्थानची १६ हेक्टर पडीक जमीन खंडाने घेऊन काम सुरू केले. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम तोंडपाठ करण्यासारखे आहेत. पाणी जमिनीच्या प्रमाणात नाही, घरातल्या माणसांच्या प्रमाणात मिळेल. माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर भिजेल एवढेच. ऊस घ्यायचा नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क जमिनीबरोबर जाणार नाही. भूमिहीनालाही पाण्याचा वाटा. खर्चाचा पाचवा हिस्सा सभासदांनी घालायचा. वीस एकरवाल्याला आणि दोन एकरवाल्याला, घरात पाच माणसे असतील तर, सारखेच पाणी. हा माणूस आंबेडकरी नव्हता, पण हे सूत्र आपल्या मतदानाच्या सूत्राच्या फार जवळ आहे.

दुसरे ठिकाण सांगली जिल्ह्यातले, आणि आपल्या विषयाला ते जास्त लागू आहे, कारण इथे गावे दोन आहेत. येरळा नदीच्या काठची बलवडी आणि तांदुळवाडी. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईहून खानापूर भागात परतलेले कामगार, रोजगार हमीवर राबणारे भूमिहीन, आणि त्यांना जोडणारी मुक्ती संघर्ष चळवळ. लोकांनी आधी प्रश्न विचारला की नदी आटली का? उत्तर होते वाळू. ठेकेदार ट्रकच्या ट्रक वाळू नेत होते आणि पाणी धरून ठेवणारे नदीचे पात्रच उपसले जात होते. चळवळीने वाळूवर गावाचा हक्क मागितला, ठेकेदारांचा उपसा रोखला आणि मोजकी वाळू विकून त्या पैशातून व श्रमदानातून बळीराजा स्मृती धरण उभे करायचे ठरवले. १९८६ च्या सुमारास काम सुरू झाले, सरकारशी झगडत पुरे झाले. सुमारे ९०० एकरांना पाणी देण्याचा हिशेब होता.

खरी गोष्ट भिंतीची नाही, वाटपाची आहे. दोन गावे एका पाण्यावर आली की इतिहासाप्रमाणे भांडण व्हायला हवे होते. त्याऐवजी आधी वाटणीचे तत्त्व ठरले आणि मग पाणी अडवले गेले. पाण्याचा वाटा भूमिहीनांनाही आणि स्त्रियांनाही. उसाला बंदी. ज्याच्याकडे पाणी आहे पण जमीन नाही, त्याने जमीनवाल्याशी वाट्याने शेती करावी. या एका कलमाने सौदा उलटतो. एरवी भूमिहीन माणूस मालकाकडे हात पसरून जातो. इथे कोरड्या जमिनीचा मालक त्याच्या पाण्यासाठी त्याच्याशी बोलायला येतो. १९९३ पासून नागनाथअण्णा नायकवडी, डॉ. भारत पाटणकर, गणपतराव देशमुख यांच्या पुढाकाराने आटपाडीत दुष्काळी तालुक्यांच्या ज्या पाणी परिषदा सुरू झाल्या, त्यांनी हीच समन्यायी वाटपाची मागणी पूर्ण खोऱ्यासाठी केली.

या दोन्ही प्रयोगांना मर्यादा आहेत आणि त्या आपणच मांडायला हव्यात. पाण्याचा वाटा हातात असला तरी जमीन वाट्याने घेताना जात मध्ये येते. गावातल्या मोठ्या मालकाने ठरवले की अमक्या वस्तीशी वाटा करायचा नाही, तर कागदावरचे पाणी कागदावरच राहते. म्हणून गायरानाचा लढा आणि पाण्याचा लढा वेगवेगळे चालवून भागणार नाही. आपल्या संघटनांनी आजवर पाण्याकडे चवदार तळ्याच्या चष्म्यातूनच जास्त पाहिले, म्हणजे पिण्याचा, स्पर्शाचा हक्क. महाडने तो हक्क जाहीर केला आणि १९३७ साली मुंबई हायकोर्टात तो खटलाही जिंकला. पोटाच्या पाण्याची, म्हणजे शेतीच्या पाण्याची मागणी मात्र आपल्या जाहीरनाम्यांत दोन ओळींच्या वर गेली नाही.

दरम्यान कायदे झाले. २००५ साली शेतकऱ्यांकडे सिंचन व्यवस्थापन सोपवणारा कायदा आला. पाणी वापर संस्थेत सभासद कोण? लाभक्षेत्रातला जमीनधारक किंवा ती कायदेशीर कसणारा. भूमिहीनाला बैठकीत बसायलाही जागा नाही. त्याच वर्षी जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला. त्याच्या मूळ मसुद्यात एक कलम होते की दोनपेक्षा जास्त मुले असणाऱ्याला शेतीच्या पाण्यासाठी दीडपट दर पडेल. नायगावात माणसे मोजली ती पाणी देण्यासाठी. विधिमंडळाने माणसे मोजली ती जास्त पट्टी लावण्यासाठी. माणशी हिशेब ठेवणे अवघड आहे म्हणणाऱ्या खात्याला मुले मोजणे अवघड वाटले नाही.

आता टेंभू, ताकारी, म्हैसाळसारख्या उपसा योजनांचे पाणी माळावर चढले आहे आणि उघड्या चाऱ्यांच्या जागी बंद नळीतून वाटप करण्याची कामे चालू आहेत. नळीतले पाणी दाबाने जाते, त्याला कालव्याचा उतार लागत नाही. म्हणजे गायरानापर्यंत, वस्तीच्या तुकड्यापर्यंत तोटी काढता येते. आराखडा आत्ता कागदावर आहे, लाभधारकांच्या याद्या आत्ता तयार होत आहेत, पाणी वापर संस्थांची नोंदणी आत्ता होते आहे. ज्या ज्या गावात हे काम पोचले असेल तिथल्या आपल्या कार्यकर्त्यांनी शाखा अभियंत्याच्या कार्यालयात जाऊन नकाशा मागावा. गावातले नियमित झालेले गायरान आणि वतनाचे गट त्या नकाशात लाभक्षेत्राच्या आत आहेत की बाहेर, हे गट नंबरनिशी तपासावे. बाहेर असतील तर लेखी हरकत द्यावी आणि पोच घ्यावी. वतनाच्या उताऱ्यावरच्या वारसनोंदी याच उन्हाळ्यात करून घ्याव्यात. ग्रामसभेत भूमिहीन कुटुंबांच्या पाणीवाट्याचा ठराव मांडावा, नामंजूर झाला तरी तो इतिवृत्तात लिहवून घ्यावा. आणि शेजारच्या गावातल्या वस्तीलाही त्याच आठवड्यात तोच ठराव मांडायला सांगावे.